‘पारादी’ नावाचा माळा

आमच्यासमोर एक जुने कोरीव चित्र आहे. चित्रात केवळ एक डोळा आहे. पापण्या, भुवई, कडेची सुरकुती, सारे रेखीव. पण बुबुळाच्या जागी नाट्यगृह दिसते. अर्धवर्तुळात पायरीपायरीने चढत गेलेली आसने, त्यांच्या माथ्यावर जाड, बुटक्या, बैठक नसलेल्या ग्रीक स्तंभांची रांग, आणि वरच्या बाजूने तिरपा उतरणारा प्रकाशाचा झोत. आसनांवर कोणीही बसलेले नाही.

हे चित्र क्लोद-निकोला लदू या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाचे. फ्रान्सच्या पूर्वेकडील बझाँसों या शहरासाठी त्याने आखलेले नाट्यगृह १७८४ साली खुले झाले, आणि त्याचा हा ‘दृष्टिक्षेप’ त्याने १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भव्य ग्रंथात छापला. वास्तुशिल्पाच्या इतिहासात इमारतीचे इतके विलक्षण चित्र क्वचितच काढले गेले असेल. मूळ प्रेक्षागार मात्र आज पाहता येत नाही. १९५८ साली लागलेल्या आगीत आतला सगळा भाग भस्मसात झाला. स्तंभांचा दर्शनी भाग तेवढा बचावला आणि त्यामागे नवे सभागृह बांधण्यात आले. लदूच्या मनातले नाट्यगृह त्यामुळे कागदावरच उरले आहे. आम्ही जे काही लिहीत आहोत ते कागद पाहून.

हा डोळा कोणाचा? काही जण म्हणतात नटाचा, कारण रंगमंचावर उभे राहून प्रेक्षकांकडे पाहणाऱ्यालाच हे दृश्य असे दिसेल. काही जण म्हणतात, स्वतः शिल्पकाराचा. आम्हां कॅथॉलिकांना आणखी एक डोळा आठवल्यावाचून राहत नाही: जुन्या वेदींच्या माथ्यावर त्रिकोणात कोरलेला, किरणांनी वेढलेला डोळा, जो सर्वांना सारखेच पाहतो असे आपण लहानपणी शिकलो. लदूच्या मनात तो होता की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. चित्र पाहताना आमच्यासमोर उभा राहतो तो प्रश्न वेगळा आहे. माणसांनी कोठे बसावे हे ठरविण्याचा अधिकार हाती असलेल्या माणसाने सर्वांत गरीब माणसाला कोठे बसवावे? आणि बसवले, म्हणजे त्याचे काम संपले काय?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर वास्तूचे आराखडे कसे वाचतात ते थोडे सांगायला हवे. इमारतीची चित्रे प्रामुख्याने तीन तऱ्हेची असतात. एक दर्शनी चित्र, जे रस्त्यावरून दिसते तसे. दुसरे तळाचा नकाशा, जणू इमारत जमिनीपासून हातभर उंचीवर कापून वरून पाहिली आहे. तिसरा छेद: फणस सुरीने मधोमध उभा कापावा तशी इमारत उभी कापायची आणि आतले गरे, चारखंड, पाव सारे उघडे दाखवायचे. नाट्यगृहाचा स्वभाव छेदातच कळतो. डावीकडे प्रवेशाचे दालन आणि जिना, मध्ये प्रेक्षागार, उजवीकडे रंगमंच, त्याच्या वर दोरखंड-पडद्यांचा उंच मनोरा आणि खाली यंत्रांची तळघरे. प्रेक्षक ज्याला नाट्यगृह समजतो तो भाग या छेदात एखाद्या पोकळ शिंपल्याएवढा दिसतो. उरलेली सगळी इमारत त्याच्यापासून लपवून ठेवलेली असते.

छेदाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. राजाचा कक्ष आणि छपराखालचा शेवटचा बाक ही दोन्ही त्याच कागदावर, त्याच शाईने, तितक्याच बारीक रेषांनी काढलेली असतात. प्रत्यक्ष नाट्यगृहात या दोन ठिकाणी बसणारी माणसे पुष्कळदा वेगळ्या दारांनी येत, वेगळ्या जिन्यांनी चढत आणि एकमेकांना ओळखही देत नसत. कागदावर ती एका बोटाच्या अंतरावर आहेत. कागद तिकिटाचा दर सांगत नाही. दगड की लाकूड तेही सांगत नाही. व्हर्सायच्या राजवाड्यातील गाब्रिएलचे संगीतगृह १७७० साली राजपुत्राच्या विवाहासाठी उघडले, तेव्हा त्यातला संगमरवर म्हणजे रंगवलेले लाकूड होते. (लबाडीच म्हणायची, पण त्या लाकडामुळेच तेथे आवाज सुरेख घुमतो, हेही खरे.) म्हणून आराखडा पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, आराखडा इमारतीविषयी खोटे बोलत नसला तरी माणसांविषयी बहुतेक वेळा मौन बाळगतो.

आता माणसांकडे वळू. पॅरिसमधील आरंभीची कित्येक नाट्यगृहे चेंडूफळीच्या लांबट, आयताकृती दालनांतून तयार झाली. भिंतींच्या कडेने सज्जे, त्यांत श्रीमंतांचे कक्ष. मध्ये मोकळी जमीन, जिला ‘पार्तेर’ म्हणत. कडेच्या कक्षांतून रंगमंच मान वाकडी करूनच दिसे, मात्र समोरच्या कक्षातील मंडळी अगदी स्पष्ट दिसत. ही आखणीतील चूक नव्हती. कक्ष घेणारा तेथे नाटक पाहण्यापेक्षा स्वतःला दाखवायला येई, आणि शिल्पकाराने त्याच्या इच्छेप्रमाणे रेषा ओढल्या. काही बडे लोक तर प्रत्यक्ष रंगमंचावरच बाके टाकून बसत. मोलिएरच्या वारसदार मंडळींच्या नाट्यगृहातून, म्हणजे ‘कोमेदी-फ्रांसेझ’मधून, ही बाके १७५९ साली हटवली गेली, तीही एका उमरावाने नटांना स्वतःच्या खिशातून भरपाई दिली तेव्हा.

पार्तेरमधील माणूस उभा असे. दोन-अडीच तास, कधी त्याहून अधिक, घामेजलेल्या गर्दीत. ही गर्दी बहुतांशी पुरुषांची: कारकून, विद्यार्थी, दुकानदार, सैनिक, फुटकळ लेखक. ते ओरडत, शिट्ट्या वाजवीत, आवडले तर डोक्यावर घेत आणि नावडले तर नाटक त्याच रात्री बुडवीत. १७५१ पासून त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी पॅरिसच्या नाट्यगृहांत सशस्त्र पहारेकरी उभे राहू लागले. उभ्या प्रेक्षकांवर उभे शिपाई.

लदूने हे चित्र पुसून टाकायचे ठरविले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाला तासन्‌तास उभे ठेवणे क्रूरपणाचे आहे, दमलेला, चेंगरलेला माणूस गोंगाट करणारच, त्याला बसायला द्या, नीट दिसू द्या, म्हणजे तो शांत होईल आणि नाटकातून काही शिकेल. म्हणून बझाँसोंमध्ये प्रत्येकाला आसन मिळाले. कडेच्या उभ्या कक्षांची कपाटे जाऊन त्यांच्या जागी प्राचीन रंगभूमीसारख्या मागे सरकत चढणाऱ्या रांगा आल्या, वादकांना रंगमंचासमोर खाली खोलगट जागा मिळाली, आणि जो सामान्य माणूस आजवर तळाशी उभा होता तो सर्वांत वर, त्या स्तंभांच्या रांगेमागे जाऊन बसला. मात्र लदू समतेचा प्रेषित नव्हता. जो अधिक पैसे देईल तो जवळ, जो कमी देईल तो दूर, हे त्याला पूर्णपणे मान्य होते. त्याने दिली ती समान दृष्टी. समान जागा नव्हे. आणि चित्रात इतके शोभिवंत दिसणारे ते स्तंभ, त्यांच्यामागे बसणाऱ्याच्या डोळ्यांआड येणारच, एवढे तर कोणालाही कळावे.

तरीही आमचे मत विचारले तर आम्ही लदूच्याच बाजूचे. याकोबच्या पत्रातील दुसरा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की, सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याला चांगले आसन आणि फाटक्या वस्त्रांतल्याला उभे राहण्याची जागा, हा भेद प्रेषितांच्या काळातील मंडळीतही शिरला होता आणि त्यासाठी तिला खडसावावे लागले होते. उभ्याला बसायला सांगणे ही लहान गोष्ट नाही.

पण एक शंका त्या काळीच उपस्थित झाली होती आणि ती आम्हांला सहजी झटकता येत नाही. लदूच्या नाट्यगृहाआधी दोनच वर्षे, १७८२ साली, पॅरिसमध्ये पेर आणि द वाइयी या दोघांनी आखलेली ‘कोमेदी-फ्रांसेझ’ची नवी वास्तू उघडली. तीच आजचे ‘ओदेऑं’. तिच्या पार्तेरमध्ये प्रथमच बाके टाकली गेली. बाके आली आणि तिकिटाचा दर चढला; ज्याच्याजवळ थोडीच नाणी होती त्याने वरच्या माळ्याची वाट धरली. लेखक मार्मोंतेलने त्याआधीच इशारा दिला होता. उभ्या गर्दीत माणसे एकमेकांना खेटून असतात, भावना एकातून दुसऱ्यात वीज खेळावी तशी खेळते, आणि त्यांचा निकाल हा खरा लोकांचा निकाल असतो. त्यांना बसवलेत तर ती लोकशाही हळूहळू उमरावशाही होईल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय.

म्हणजे आसन देणे ही करुणा की तोंड बंद करण्याची युक्ती? लदू स्वतःच सांगतो की बसलेला माणूस शांत होतो. त्याला ती शांतता प्रेक्षकाच्या हिताची वाटली. पहारेकऱ्यांच्या मालकांनाही ती हिताचीच वाटली असणार. कोणत्याही उपकारात ही गाठ असते. आपल्याकडेही सभेत खुर्ची मिळालेला कार्यकर्ता पुढे किती वेळा उठून बोलतो, हे वाचकांनी पाहिले असेल. मार्मोंतेलचे म्हणणे खरे असले तरी त्यात एक सोयीची जागा आहे, ती अशी की, जे उभे राहतात त्यांच्या पायांच्या कळा त्याला सोसाव्या लागत नव्हत्या. गरिबाने उभे राहून स्वातंत्र्य जपावे, असे बसलेल्याने म्हणू नये. तसेच, आम्ही तुला बाक दिला, आता गप्प राहा, असे बाक देणाऱ्यानेही म्हणू नये. यांतले पहिले वाक्य आम्ही ठामपणे लिहितो. दुसरे लिहिताना हात थोडा थबकतो, कारण नाट्यगृहात थोडी शांतता हवी असे आम्हांलाही वाटते.

लदूची गोष्ट इथेच संपती तर तो आपला आवडता माणूस झाला असता. परंतु बझाँसोंचे नाट्यगृह उभे राहत होते त्याच सुमारास तो आणखी एक काम हाती घेत होता. पॅरिसभोवती जकातीची भिंत बांधली जाणार होती. शहरात येणाऱ्या दारूवर, मांसावर, सरपणावर कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांसाठी या भिंतीची पन्नासहून अधिक नाकी लदूने आखली. तीही स्तंभ, कमानी, घुमटांनी सजवलेली, देवळासारखी. बझाँसोंत सामान्य माणसाच्या माथ्यावर जे गंभीर स्तंभ होते, त्यांचेच भाऊबंद पॅरिसच्या वेशीवर त्याच्या खिशात हात घालीत होते. १७८९ च्या जुलैमध्ये बास्तीय पडण्याच्या आधीच लोकांनी यातली बरीच नाकी पेटवून दिली. १७९३ च्या अखेरीस लदूला अटक झाली. वर्षाहून अधिक काळ तो कैदेत होता. मान वाचली. डोळ्याचे चित्र असलेला ग्रंथ त्याने त्यानंतर छापला. रिकाम्या आसनांकडे पाहताना आम्हांला कधी कधी वाटते की, ती माणसे उठून नाक्यांकडे गेली आहेत.

वरच्या माळ्याला फ्रेंच लोक ‘पारादी’ म्हणत आले आहेत. पारादी म्हणजे स्वर्ग. छताला चिकटून असल्यामुळे, तेथे रंगवलेले देव-देवदूत डोक्याला लागतील इतके जवळ असल्यामुळे हे नाव पडले. दुसरे नाव कमी भक्तिभावाचे आहे: ‘पुलाइये’, म्हणजे कोंबड्यांचे खुराडे. एकाच जागेला ही दोन नावे कोणा शिल्पकाराने दिलेली नाहीत. ती लोकांनी दिली.

ख्रिस्तसभेच्या मुलांनी या ठिकाणी थोडे थांबायला हवे. ज्या देशात स्वस्त बाकाला स्वर्ग म्हणत, त्याच देशात रंगमंचावरच्या माणसाला पवित्र भूमीत मूठमाती नाकारली जात होती. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी मोलिएर वारला. मरणापूर्वी धर्मगुरूंसमोर आपला व्यवसाय सोडल्याचे त्याने सांगितलेले नव्हते, म्हणून पॅरिसच्या आर्चबिशपांनी ख्रिस्ती दफनाला आधी नकार दिला. त्याच्या पत्नीने राजाकडे धाव घेतल्यावर चार दिवसांनी, रात्रीच्या अंधारात, समारंभ न करता त्याला पुरण्यात आले. १७३० साली आद्रियेन लकुव्रर या थोर नटीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ज्यांनी हे केले ते सर्व दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक युगाला आपला नियम म्हणजे ईश्वराचाच नियम वाटतो. पण सूफ्लोसारखा एकच शिल्पकार लिऑंचे नाट्यगृहही आखतो आणि पॅरिसमध्ये संत जेनेव्हिएव्हचे मंदिरही आखतो, दोन्हींकडे स्तंभांची मापे तितक्याच निष्ठेने घेतो, आणि एका इमारतीत राबणाऱ्या माणसाला दुसऱ्या इमारतीच्या अंगणात जागा नसते, ही विसंगती त्याच्या आराखड्यांत कोठेच दिसत नाही. आराखडे मौन बाळगतात, असे आम्ही वर म्हटले ते यासाठी.

‘पारादी’च्या माणसांवर एक चित्रपट आहे, तो मार्सेल कार्नेचा, नावाचा अर्थ ‘स्वर्गाची लेकरे’. १९४५ च्या मार्चमध्ये तो प्रथम दाखवला गेला. त्यात पॅरिसमधील बुलव्हार द्यु ताँप्ल हा नाट्यगृहांनी गजबजलेला रस्ता आणि त्यावरचे ‘फ्यूनांब्युल’ हे गोरगरिबांचे नाट्यगृह पुन्हा उभे केले आहे. या देखाव्यांची चित्रे काढणारा आलेक्सांद्र त्रोनेर हा ज्यू होता. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना उघडपणे काम करण्याची त्याला सोय नव्हती. तो लपून राहून रेखाटने करी आणि देखावे दुसऱ्याच्या नावाने उभे राहत. ज्याला जगात उघडपणे उभे राहायला जागा नव्हती, तो माणूस नाट्यगृहातील सर्वांत स्वस्त बाकांची मापे घेत बसला होता. लदूच्या भव्य ग्रंथापेक्षा हे कागद आम्हांला अधिक मोलाचे वाटतात, हे सांगायला संकोच वाटत नाही.

खरा रस्ता कधीच गेला होता. ओस्मानने पॅरिसची नवी आखणी केली, तेव्हा १८६२ साली तेथील बहुतेक सगळी नाट्यगृहे पाडण्यात आली. बदल्यात शहराने शातलेच्या चौकात दाव्हिउकडून दोन मोठी नाट्यगृहे बांधून घेतली. आणि त्याच वर्षी, शहराच्या श्रीमंत भागात, नव्या संगीतगृहाच्या पायाचे काम चालू होते. पायात पाणी लागले. ते उपसायला वाफेचे पंप महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालवावे लागले.

या संगीतगृहासाठी १८६१ साली स्पर्धा झाली होती. १७१ आराखडे आले. निवड झाली शार्ल गार्निए या पस्तिशीच्या, फारशा परिचित नसलेल्या, लोहारकाम करणाऱ्या बापाच्या मुलाची. त्याच्या आराखड्याचे मर्म सांगायचे तर, प्रेक्षक कसा येतो याचा त्याने आधी विचार केला. गाडीतून की पायी? तिकीट काढलेले की काढायचे आहे? वर्गणीदार की अनोळखी? त्या त्या प्रमाणे दारे, दालने. या सगळ्यांच्या मध्ये तो प्रसिद्ध जिना, ज्याच्या भोवती सज्जे आहेत. म्हणजे चढणारा हा नट आणि सज्ज्यातला हा प्रेक्षक. (जिन्याची कल्पना व्हिक्तोर लुईने १७८० साली पूर्ण केलेल्या बोर्दोच्या नाट्यगृहावरून आली.) कडेच्या कक्षांतून एकमेकांना न्याहाळणाऱ्या जुन्या मंडळींचीच हौस गार्निएने प्रेक्षागाराबाहेर आणून संगमरवरात बांधली. आम्हांला यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. ध्वनिशास्त्राच्या बाबतीतही तो असाच प्रामाणिक होता. पुष्कळ अभ्यास करूनही हाती नियम लागला नाही आणि शेवटी नशिबावर हवाला ठेवला, अशी कबुली त्याने छापून दिली आहे.

मात्र इमारतीच्या पश्चिमेकडील एका भागाकडे बोट दाखवायला हवे. १४ जानेवारी १८५८ रोजी जुन्या संगीतगृहाच्या दाराशी सम्राट तिसऱ्या नेपोलियनवर बाँब फेकले गेले. सम्राट वाचला, भोवतीची माणसे मेली. म्हणून नव्या आराखड्यात सम्राटासाठी स्वतंत्र दालन आले. त्याची घोडागाडी वळणदार चढावावरून थेट वर, त्याच्या कक्षाच्या पातळीपर्यंत जाणार होती. रस्त्यावरच्या कोणाचाही त्याला स्पर्श होणार नव्हता. गार्निएच्या रेषांत हा चढाव फार डौलदार दिसतो. १८७० साली साम्राज्य कोसळले, १८७३ साली सम्राट इंग्लंडमध्ये परागंदा अवस्थेत वारला, आणि संगीतगृह उघडले ५ जानेवारी १८७५ रोजी. ज्याच्यासाठी तो चढाव काढला होता, तो त्यावरून कधीच चढला नाही.

उद्घाटनाच्या रात्री लंडनच्या महापौरांपासून स्पेनच्या राजघराण्यापर्यंत सगळे मान्यवर होते. गार्निएला मात्र आपल्या आसनाचे पैसे भरावे लागले, असे सांगतात. चौदा वर्षे ज्याने इतरांची आसने आखली त्याला आपले आसन विकत घ्यावे लागले, यावर त्या काळच्या वृत्तपत्रांनी सरकारची पुष्कळ टिंगल केली.

त्या इमारतीत आजही कडेच्या कक्षांच्या मागल्या ओळींत अशी आसने आहेत, ज्यांवरून रंगमंच दिसतच नाही. ती अगदी स्वल्प दरात विकली जातात आणि काहीही दिसणार नाही असे तिकीट देतानाच स्पष्ट सांगितले जाते. लदूला हे कळते तर त्याने कपाळाला हात लावला असता. तरी ती आसनेही कोणी ना कोणी घेतो. ऐकण्यासाठी घेतो, किंवा दिवे मालवल्यावर पुढे वाकून पाहता येईल या आशेने घेतो.

सम्राटाच्या त्या दालनाचे काय झाले? प्रजासत्ताकाला त्याचा उपयोग नव्हता. गार्निएने काढलेली भिंतींची सजावट अर्धवटच राहिली. काही ठिकाणी दगड न घडवता तसेच सोडलेले आहेत. कालांतराने तेथे संगीतगृहाचे ग्रंथालय आणि संग्रहालय थाटण्यात आले. स्वरलेखांच्या वह्या, वेशभूषेची चित्रे, पुठ्ठ्याचे छोटे देखावे आणि फ्रान्समधील जुन्या नाट्यगृहांचे आराखडे तेथे रचून ठेवले गेले. वाचकांची टेबले मांडली गेली ती नेमकी सम्राटासाठी आखलेल्या वर्तुळाकार दालनात.